कामावर मोडलेला घोटा: नुकसानभरपाईची तीन वर्षं

गेल्या महिन्यात हबवरच्या (कुरिअरची पार्सलं जिथून वाटली जातात त्या गोदामातल्या) एका पोराचा फोन आला. पार्सल उतरवताना मनगट मोडलंय, मालक फोन उचलत नाही. "दादा, तुम्ही तेव्हा काय काय केलं होतं?" त्याला तासभर सांगितलं, तरी निम्मं राहूनच गेलं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय. मी वकील नाही. नाशिकमध्ये अकरा वर्षं डिलिव्हरीची गाडी चालवली, आणि एका अपघातानंतर तीन वर्षं कागद घेऊन फिरलो. त्यातून जे कळलं ते असं.

२६ ऑक्टोबर २०२१, मंगळवार. दिवाळी तोंडावर आलेली, हबवर पार्सलचे ढीग. त्या दिवशी माझ्या रन शीटवर, म्हणजे दिवसभरात पोहोचवायच्या पार्सलच्या यादीवर, मोठे नग जास्त होते, म्हणून बंद टेम्पोऐवजी मोकळी पिकअप दिली. तिच्या मागच्या फाळक्याची (मागे उघडणाऱ्या फळीची) उजवीकडची साखळी ज्या हुकात अडकते तो हुक झिजला होता. आठ दिवस आधी मी त्याचा फोटो शेठना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. शेठ म्हणजे आमचे कंत्राटदार. गाड्या त्यांच्या, आम्ही ड्रायव्हर त्यांचे, आणि काम एका कुरिअर कंपनीचं. त्यांचं उत्तर आलं, "दिवाळी होऊ दे, मग बघू." तोवर आम्ही हुक तारेने बांधून गाडी चालवत होतो.

पावणेबाराच्या सुमारास पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत घरघंटीचं खोकं द्यायचं होतं. वजन पन्नास किलोच्या आसपास. फाळका आडवा करून मी त्यावर उभा राहिलो आणि खोकं कडेला ओढू लागलो. तार तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. फाळका एका बाजूने खाली गेला, मी उजव्या पायावर पडलो आणि मागून खोकं त्याच पायावर आलं. बुटाच्या आत पाऊल भलतीकडेच वळलेलं दिसत होतं. ज्यांची घरघंटी होती त्या काकू गॅलरीतून पाहत होत्या. त्या धावत खाली आल्या, मला पाणी दिलं, आणि मी सांगितल्यावर हबला फोन लावला.

हबवरून सुपरवायझर आला आणि रिक्षाने मला एका खासगी हॉस्पिटलात घेऊन गेला. कॅज्युअल्टीत "कसं लागलं?" असं विचारलं तेव्हा मी कळवळत होतो. उत्तर सुपरवायझरने दिलं. काय दिलं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे दोन वर्षं मी तेच निस्तरत राहिलो. केसपेपरवर लिहिलं गेलं, की पेशंट घरी जिन्यावरून घसरून पडला.

त्यामुळे कोणी विचारलं, की अपघात झाल्यावर पहिलं काय करायचं, तर मी एवढंच सांगतो. शुद्धीत असाल तर स्वतःच्या तोंडाने सांगा, नसाल तर घरच्यांना सांगायला लावा: कामावर असताना, अमुक गाडीवरून, अमुक ठिकाणी. लिहून झालं की केसपेपर वाचायला मागा. तसं नोंदलं गेलं तर हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, एमएलसी (पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद) होते, जबाब होतो. माझ्या बाबतीत "घरी पडला" म्हटल्यावर यातलं काहीच झालं नाही.

२८ तारखेला ऑपरेशन झालं. घोट्याला दोन्ही बाजूंनी फ्रॅक्चर, एक प्लेट आणि सात स्क्रू. १ नोव्हेंबरला घरी आलो. बिल १,३८,००० रुपये. शेठने २०,००० भरले, बाकीचे मेहुण्याने आणि बायकोच्या भिशीतून उभे राहिले. लक्ष्मीपूजनाला मी पलंगावर, पायाखाली दोन उशा. मुलगा फुलबाजी घेऊन खिडकीत उभा होता, म्हणजे मला दिसावी म्हणून. पुढच्या दोन महिन्यांत शेठने दोनदा पाच-पाच हजार पाठवले आणि मग फोन उचलणं बंद केलं. माझा पगार महिन्याला २२,५०० होता, तो बँकेत यायचा. २१,००० च्या वर पगार असल्याने मला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नव्हतं. तुमच्या पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर तुमचा रस्ता वेगळा आहे. तुम्हाला ईएसआयकडेच जावं लागतं, आणि मी सांगतोय तो दावा करता येत नाही. म्हणून आधी पगाराची स्लिप बघा.

जानेवारीत प्लास्टर निघालं. फिजिओथेरपी, एका वेळेचे ३०० रुपये. मार्चमध्ये मित्राच्या गाडीत बसून पाहिलं. क्लच ठीक. ब्रेक दाबायला गेलो तर घोटा वर-खाली होईना. अख्खा पाय गुडघ्यापासून उचलून पेडलवर ठेवावा लागत होता. द्वारका चौकातल्या गर्दीत हे कसं करणार? मी गाडी बंद केली आणि किती तरी वेळ तसाच बसून राहिलो. हाताला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं.

त्याच आठवड्यात शेठ घरी आले. सोबत मिठाईचा पुडा आणि शंभराचा स्टँपपेपर. पन्नास हजार घ्या आणि लिहून द्या, की यापुढे काही मागणार नाही. घरात किराण्याची उधारी होती, आणि मी पेन हातात घेतलं होतं. बायको म्हणाली, "आधी कोणाला तरी दाखवू." त्या एका वाक्याने वाचलो. नंतर वकिलांकडून कळलं, की अशा कागदाने हक्क सुटत नाही. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्या मर्यादेपर्यंत रद्दच धरला जातो. तडजोड करायचीच असेल तर ती या कायद्याखालच्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात.

माझ्या वेळचा हा कायदा म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३. आधी त्याच्या नावात 'कामगार' होतं, २०१० पासून 'कर्मचारी' झालं. काम करताना आणि कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि मला तरी हे सगळ्यात मोलाचं वाटतं. दावा अपघातापासून दोन वर्षांत लावावा लागतो. तो अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही लावता येतो, मालकाचं ऑफिस मुंबईत असलं तरी. आमच्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे दावे चालवतात. हा हक्क कामावर घेतानाच लेखी सांगणं २०१७ पासून मालकावर बंधनकारक आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं, आमच्यातल्या एकालाही नाही.

वकील शोधताना दोन जण असे भेटले, की "खर्च आमचा, मिळेल त्यातले तीस टक्के आमचे." वकिलाने अशी टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. तिसऱ्यांनी २५,००० सांगितले, तीन हप्त्यांत, वर झेरॉक्स-टायपिंग वेगळं. तेच ठरवले. एवढेही नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि महिला यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. मला हे उशिरा कळलं.

२१ मार्च २०२२ ला शेठना आणि कुरिअर कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. कंपनीला का? कलम १२ प्रमाणे कंपनीने आपलं काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी तिच्यावरही येते. पैसे दिले की ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकते. शेठ उद्या गाड्या विकून गायब झाले तर कंपनी जागेवरच असते. पुढे याचाच उपयोग झाला.

शेठचं उत्तर एप्रिलमध्ये आलं. हा माणूस माझा कामगार नव्हताच, गाडीभाड्यावर काम करायचा. आणि पुढे, अपघात घरी झाला, हॉस्पिटलचे कागद बघा.

तेव्हा आम्ही केसपेपर मागवले. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात, मला चौथ्या दिवशी मिळाल्या. ती ओळ वाचली आणि मला घाम फुटला. ऑपरेशनच्या दिवशी इतकी भीती वाटली नव्हती. वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "त्या दिवसाचं तुमच्याकडे काय काय आहे?" रात्री बायकोने माझा जुना फोन चार्ज केला आणि आम्ही एकेक शोधत बसलो. रन शीटचा फोटो होता, मी रोज सकाळी काढायचो. हुकाचा फोटो आणि "दिवाळी होऊ दे". ग्रुपवर सुपरवायझरचा मेसेज, १२ वाजून ४ मिनिटांनी: "पाथर्डी फाटा गाडी थांबली आहे, ड्रायव्हर पडला, दुसरा माणूस पाठवा." हा मेसेज पाहून बायको रडायला लागली. बाकी बँकेचं पासबुक, शेठच्या फर्मचं नाव असलेलं ओळखपत्र, आणि आरसी बुकाची प्रत ज्यावर गाडीमालक म्हणून शेठचंच नाव. ज्याची गाडी तोच मला भाडं कसलं देतो? सोसायटीत सीसीटीव्ही होता, पण इतक्या महिन्यांनी रेकॉर्डिंग कुठून मिळणार? पंधरा दिवसांच्या आत मागायला हवं होतं.

९ मे २०२२ ला दावा दाखल झाला. कोर्ट फी नाममात्र. गाडीच्या विमा कंपनीलाही सामील केलं, कारण व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत त्या गाडीच्या ड्रायव्हरबद्दलची या कायद्याखालची जबाबदारी विम्याखाली येते. पॉलिसीची प्रत नसली तरी गाडी नंबरवरून विमा कंपनीचं नाव ऑनलाइन मिळतं. तुम्हाला दुसऱ्या गाडीने उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही पर्याय असतो. दोन्हींपैकी एकच निवडायचा, आणि तिकडे एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. माझ्यात दुसरी गाडी नव्हतीच, म्हणून हाच रस्ता.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. मला दोन वर्षं आणि एक महिना लागला. पहिलं वर्ष नुसत्या नोटिसा बजावण्यात गेलं. शेठने ऑफिस बदललं, नोटीस परत आली, पुन्हा काढली, परत आली. प्रत्येक तारखेला सिडकोतून रिक्षाने जाऊन बाकावर बसायचं आणि दुपारी "पुढची तारीख" ऐकून घरी यायचं. मोजून ३१ तारखा झाल्या. एका लहान वहीत तारीख, काय झालं, पुढची कधी, खर्च किती एवढं लिहीत गेलो. नंतर वकील आजारी पडले तेव्हा त्यांच्या ज्युनियरला हीच वही उपयोगी पडली. २०२२ च्या पावसाळ्यापासून मी एका गोडाऊनमध्ये ११,००० वर बसून नोंदी करायचं काम धरलं होतं. प्रत्येक तारखेला अर्धा दिवस कापला जायचा.

विमा कंपनी डिसेंबरमध्ये हजर झाली. तिचा एक आक्षेप असा, की माझं लायसन्स हलक्या वाहनाचं आहे, त्यावर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद नाही. यात मी आठ दिवस झोपलो नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं होतं, की ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही तेच कायम केलं. पिकअप त्याच्या कितीतरी खाली. तो आक्षेप तिथेच संपला.

आता टक्केवारी. इथे बरेच जण फसतात, मीही फसणार होतो. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचा दाखला घेतला, आला १८ टक्के. मला वाटलं, म्हणजे भरपाईही १८ टक्क्यांचीच. वकील म्हणाले, ते शरीराचं अपंगत्व. कायदा बघतो कमाईची क्षमता किती गेली ते, आणि ती तुमच्या कामावरून ठरते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचं सत्तरच्या दशकातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. एका सुताराचा कामावर पडून डावा हात कोपराच्या वरून गेला. मालकाचं म्हणणं, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे टक्के द्या. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे त्याची कमाई पूर्णच गेली. मग माझा घोटा ब्रेकवर जात नसेल तर?

यासाठी डॉक्टरांनी नुसता दाखला देऊन भागत नाही, त्यांना कोर्टात येऊन सांगावं लागतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी आधी नाही म्हटलं, केसपेपरवरच्या त्या ओळीमुळे असावं. दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि येण्याचे ५,००० घेतले. त्यांनी कोनमापकासारखी पट्टी माझ्या घोट्याला लावली. एक पाती पोटरीवर, एक पावलावर. "आता वर ओढा." मी सगळा जोर लावला. पट्टी जेमतेम हलली. डाव्या पायाला लावली तर सहज वर गेली. तो फरक त्यांनी अंशात लिहिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये साक्षीत सांगितलं, की हा माणूस पूर्ण दिवस व्यावसायिक गाडी चालवू शकणार नाही, कमाईची क्षमता साधारण ४० टक्के गेली.

त्याआधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, काकू आल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांच्या दारात जायला मला संकोच वाटत होता. त्यांनी दार उघडलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू ये म्हणशील त्या दिवशी येते." वय सत्तरच्या जवळ. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, इतक्या दिवसांनी तुम्हाला तारीख कशी आठवते? काकू म्हणाल्या, "दिवाळीच्या भाजणीसाठी घेतली होती घरघंटी. बिलावर तारीख आहे." आणि पिशवीतून बिल काढलं. रन शीटवरचा पार्सल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच होता. "घरी पडला" ही ओळ त्या दिवशी संपली असं मला वाटतं. त्यांना रिक्षाचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत.

१४ जून २०२४ ला निकाल लागला. हिशेब असा असतो. मासिक पगार कितीही असला तरी २०२० पासून १५,००० च धरतात. माझे २२,५०० तिथेच १५,००० झाले, आणि ही मर्यादा मला आजही अन्यायाची वाटते. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. याला वयाच्या घटकाने गुणायचं. अपघाताच्या वेळी माझी ३७ वर्षं पूर्ण, त्याचा घटक १९२.१४. झाले १७,२९,२६०. न्यायालयाने कमाईचं नुकसान ३० टक्के धरलं, म्हणून ५,१८,७७८ रुपये. त्यावर अपघातानंतर महिन्याभराने सुरू होणारं १२ टक्के सरळ व्याज. शेठने वेळेत पैसे दिले नाहीत म्हणून दंडही मागितला होता, तो मान्य झाला नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मिळतो, पण छापील बिल असेल तरच. १,१२,४६० रुपयांची बिलं धरली गेली. फिजिओथेरपीवाल्याने वहीच्या पानावर लिहून दिलेले आकडे गेले. जखमी असताना बिल मागायचं सुचत नाही, म्हणून घरच्या एकाला ते काम वाटून द्या. आमच्याकडे बायकोने मार्चपासून फाइल लावली, त्याआधीचं बरंच हरवलं होतं.

निकालानंतर ६० दिवस उच्च न्यायालयात अपील होतं का म्हणून धाकधूक होती. मालकाला अपील करायचं तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते, हे ऐकून जरा धीर आला. अपील झालं नाही. ऑगस्टअखेर विमा कंपनीने भरपाई आणि साधारण ३३ महिन्यांचं व्याज, मिळून ६,९०,००० च्या आसपास, कोर्टात जमा केले. ते काढायला पुन्हा अर्ज, आधार, पासबुक, वकिलांची ओळख, आणि दोन तारखा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपघाताला तीन वर्षं होत आली तेव्हा, पैसे खात्यावर आले. मेहुण्याचे परत केले, भिशीचे भरले, वकिलांचा शेवटचा हप्ता दिला.

उपचाराचा खर्च शेठ आणि कुरिअर कंपनी यांच्यावर टाकला होता. शेठ कुठे सापडले नाहीत. वसुलीसाठी अर्ज केला. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. नोटीस गेल्यावर कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भरली. तेव्हा केवळ शेठवर दावा लावला असता तर एवढे गेलेच होते.

माझं सगळं जुन्या कायद्याखाली झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेलाय. नव्या अपघातासाठी वकिलांकडून कलमं तिथली बघून घ्या. ॲपवर स्वतःच्या बाइकने डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना मात्र मालक-कामगार हे नातंच सिद्ध करणं कठीण जातं, त्यांच्यासाठी हा रस्ता बहुतेक बंदच आहे. त्यांनी निदान ॲपच्या अपघात विम्याची कागदं आजच उघडून वाचावीत.

मी आता एका हबवर रूट लावायचं काम करतो. सकाळी गाड्या निघताना प्रत्येकीच्या फाळक्याची साखळी स्वतः ओढून बघतो. पायातली प्लेट अजून तशीच आहे, थंडीत ठणकते. डॉक्टर म्हणतात काढता येईल, चाळीसेक हजार लागतील. कायद्यात प्रत्यक्ष झालेलाच खर्च मिळतो, त्यामुळे हे पैसे आता माझेच जाणार. तुमच्या हातापायात प्लेट असेल आणि दावा चालू असेल, तर ती कधी काढायची हे डॉक्टरांना आणि वकिलांना निकालाच्या आधी विचारा.